बंदूक रात्री कुठे उभी असते?

मुंबईत कुलाब्याला, नेव्ही नगरच्या रस्त्यावर, उंच निमुळत्या मनोऱ्याचे एक चर्च आहे. त्याचे अधिकृत नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. पण सगळे त्याला अफगाण चर्च म्हणूनच ओळखतात, कारण १८३८ ते १८४२ च्या पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ ते उभारले गेले. पाहायला जाणारे रंगीत काचा पाहतात, स्मृतिपाट्या वाचतात, फोटो काढतात आणि परततात. पुढच्या वेळी गेलात तर जरा लाकडी बाकांकडे पाहा. त्यांच्यात खाचा आहेत. रायफल उभी करून टेकवता यावी, एवढ्यासाठी केलेल्या.

प्रार्थनेच्या बाकाला रायफलीची खाच कशासाठी? आजचा धागा या प्रश्नाचा आहे. थोडा लांब आहे, पण वाटेत मीरत, कोल्हापूर आणि कोडगू लागणार आहेत.

लढायांच्या वर्णनांत बंदूक सतत कडाडत असते. प्रत्यक्षात तिच्या आयुष्यातले बहुतेक तास ती नुसती उभी असते: भिंतीला, खुंटीला, लाकडी मांडणीत. तिच्या या उभ्या असण्याचा इतिहास फारसा कुणी लिहीत नाही. पण ती रात्री कुठे उभी असते आणि तिथली किल्ली कुणाच्या कमरेला असते, हे विचारले की सत्ता कुणाला भिते ते बऱ्यापैकी कळते.

आधी सुतारकाम पाहू, कारण ते समजले की पुढचे सोपे होते.

बंदुकांची मांडणी म्हणजे मुळात दोन फळ्या. खालची जाड, तिच्यात दस्ता बसेल असे खोलगट घर कोरलेले. वरची अरुंद, तिला अर्धगोल खाचा. त्यांत नळी टेकते. नळीचे टोक किंचित मागे कललेले ठेवायचे, म्हणजे धक्का लागला तरी बंदूक पुढे कोसळत नाही. दोन खाचांमधले अंतर नळीच्या जाडीवर ठरत नाही, घोड्यावर ठरते: जुन्या बंदुकीचा घोडा बाजूला आलेला असतो आणि तो शेजारणीवर आपटता कामा नये. दोन फळ्यांमधली उंची मात्र बंदुकीच्या लांबीवर. कंपनीच्या शिपायाच्या खांद्यावरची चकमकीची बंदूक, जिला इंग्रज ‘ब्राउन बेस’ म्हणत, तिच्या भारतीय नमुन्याची नळी ३९ इंचांची आणि एकूण लांबी सुमारे ५५ इंच. वजन चार किलोंहून थोडे अधिक. हा नमुना मूळ कंपनीच्या सैन्यासाठीचा; तो इतका सोयीचा ठरला की १७९७ पासून खुद्द ब्रिटिश लष्कराने तो स्वीकारला. पुढे आलेल्या १८५३ च्या एनफिल्ड रायफलीची नळीही ३९ इंचांचीच होती. म्हणजे लांबीच्या हिशेबाने नवी रायफल जुन्या मांडणीत सहज उभी राहत होती. भांडण तिच्या काडतुसावरून झाले.

आणखी एक शत्रू आहे, पाऊस. खाचेत नळीला ओरखडा पडू नये म्हणून चामडे किंवा जाड लोकरी कापड लावावे, तर ते दमट हवेतले पाणी धरून ठेवते आणि नेमक्या त्याच जागी नळीला गंजाचे कडे पडते. कच्चे लाकूड वापरले तर त्यातून सुटणारी आम्ले लोखंड खातात. नळी वर करून ठेवली की आत लावलेले तेल हळूहळू खाली उतरते आणि दस्त्याचे लाकूड मऊ पाडते. कोकणच्या पावसाळ्यात लोखंड सांभाळलेल्या कुणालाही हे पटेल. बंदूक एकत्र, कोरड्या जागी, कुणाच्या तरी देखरेखीखाली ठेवण्यामागे हे साधे कारण आधी होते. संशयाचे कारण नंतर त्याच्यावर चढले.

आपल्याकडे या प्रश्नासाठी दोन नेमके शब्द होते: शिलेदार आणि बारगीर. शिलेदार हा शब्द फारसी ‘सिलाहदार’वरून आला, अर्थ शस्त्र बाळगणारा. त्याचा घोडा त्याचा, हत्यार त्याचे; तो ते घरी नेई, घरी सांभाळी आणि दसऱ्याला पुजून मोहिमेवर निघे. बारगिराला घोडा आणि शस्त्र सरकारातून मिळे. शिवकाळातल्या घोडदळाची ही दुहेरी रचना शाळेत आपण दोन गुणांसाठी पाठ करतो. पण तिच्यात एक राजकीय निवड होती. घोडा आणि हत्यार सरकारचे असेल तर माणूस सरकारकडे बांधलेला राहतो. स्वतःचे असेल तर उद्या तो दुसऱ्या धन्याकडे जाऊ शकतो. अठराव्या शतकात स्वतःच्या पथकासह बाजू बदलणारे सरदार किती झाले, हे पेशवाईचा इतिहास वाचणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या पायदळासाठी नि:संशयपणे बारगिराची वाट धरली. बंदूक कंपनीची, लाल कोटही कंपनीचा. मग बंदूक ठेवायची कुठे?

यासाठी तिने युरोपातली एक छावणी-पद्धत उचलली. अठराव्या शतकातल्या युरोपीय छावणीत प्रत्येक कंपनीच्या तंबूंच्या रांगेपुढे घंटेच्या आकाराचा एक लहान तंबू असे. आत मध्यभागी खांब, खांबाला आडव्या काठ्या, आणि काठ्यांना गोल टेकवून उभ्या केलेल्या बंदुका. काम फक्त पावसापासून राखण्याचे. याला ‘बेल ऑफ आर्म्स’ म्हणत. आपण ‘हत्यारांची घंटा’ म्हणू. भारतात छावण्या कायमच्या झाल्या तशी कापडाची घंटा विटा-चुन्याची झाली. शिपायांच्या वस्तीपुढे, कवायतीच्या मैदानाच्या कडेला, कंपनीगणिक एक अशा या बुटक्या कोठ्या ओळीने उभ्या राहिल्या. पहाऱ्याला किंवा कवायतीला जाताना शिपायाने बंदूक तिथून घ्यायची, काम संपले की तिथेच ठेवायची.

याच्या शेजारी दुसरे दृश्य ठेवा. शिपाई स्वतः राहत होता मातीच्या, गवताने शाकारलेल्या झोपडीत. ती त्याने स्वतः बांधायची. कंपनी त्यासाठी थोडा भत्ता देई. बंदुकीला पक्के घर आणि माणसाला कच्चे. मला कंपनी सरकारच्या हिशेबाचे याहून बोलके चित्र दुसरे माहीत नाही.

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. १८५७ पूर्वी ही व्यवस्था मुख्यतः विश्वासावर चालत होती. कोठी शिपायांच्याच वस्तीला लागून, पहारा शिपायांचाच. दार फोडायला फार ताकद लागत नव्हती. फोडावेसे वाटणार नाही, हे गृहीत होते.

ते गृहीत पहिल्यांदा उघडपणे हलले २६ फेब्रुवारी १८५७ ला, बंगालमधल्या बहरामपूरला. १९ व्या देशी पायदळाच्या शिपायांनी दुसऱ्या दिवशीच्या कवायतीसाठी टोप्या घ्यायला नकार दिला. (टोपी म्हणजे इथे बार उडवणारी तांब्याची छोटी टोपी, डोक्यावरची नव्हे.) रात्री वस्तीत अफवा पसरली की तोफा आणि घोडदळ आपल्यावर चालून येत आहे. शिपायांनी हत्यारांच्या घंटा फोडल्या आणि बंदुका हाती घेतल्या. कर्नल मिचेल खरोखरच तोफा आणि घोडदळ घेऊन, मशालींच्या उजेडात, मैदानावर आला. देशी अधिकाऱ्यांनी त्याला विनवले: तोफा मागे न्या, शिपाई शांत होतील. त्याने त्या नेल्या. आणि शिपायांनी बंदुका परत ठेवल्या.

या रात्रीत एकही गोळी सुटली नाही, म्हणून ती पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपते. मला ती फार महत्त्वाची वाटते. बंदुका उचलल्या त्या हल्ल्यासाठी नव्हे, आपल्यावर हल्ला होतो आहे या भीतीने; आणि भीती ओसरताच त्या जिथल्या तिथे गेल्या. तरीही ३१ मार्चला बराकपूरला ती पलटण बरखास्त झाली. तिच्या अपराधांत कोठी फोडणे हाही होताच.

आता मीरत. २४ एप्रिलला तिसऱ्या हलक्या घोडदळाच्या ९० स्वारांपुढे काडतुसे ठेवली गेली, ८५ जणांनी ती नाकारली. ९ मे रोजी सगळ्या फौजेसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या. १० मे, रविवार. संध्याकाळी गोऱ्या ६० व्या रायफल पलटणीचे सैनिक चर्चच्या कवायतीसाठी जमू लागले. ते दृश्य पाहून बाजारात आरोळी उठली: गोरे शिपायांची हत्यारे काढून घ्यायला येत आहेत.

प्रार्थनेला निघालेले सैनिक आणि निःशस्त्र करायला निघालेले सैनिक लांबून सारखेच दिसतात.

२० व्या पायदळाचे शिपाई धावले ते आपल्या हत्यारांच्या घंटांकडे. त्यांना आवरायला आलेला ११ व्या पायदळाचा कर्नल फिनिस गोळ्यांनी पडला. तिसऱ्या घोडदळाने तुरुंग फोडून आपले सोबती सोडवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मीरतचे स्वार दिल्लीत होते. चरबीचे काडतूस हे १८५७ चे कारण म्हणून आपण शिकतो. ते खोटे नाही. पण बहरामपूर आणि मीरत दोन्हीकडे, ठिणगी पडण्याच्या नेमक्या क्षणी शिपायांच्या कानावर जी अफवा होती ती तोफांची आणि हत्यारे हिरावण्याची होती. काडतुसाने धर्म जाईल ही भीती महिनोन्‌महिने मुरत होती. तिला त्या संध्याकाळी धावायला लावले ते कोठीतल्या रिकाम्या होऊ घातलेल्या खाचांनी. हे माझे वाचन आहे; असहमती असेल तर खाली जरूर मांडा.

इंग्रजांनी मात्र याचा अर्थ झटकन ओळखला. १३ मे रोजी सकाळी लाहोरच्या मियां मीर छावणीत देशी पलटणींना कवायतीला बोलावले. फिरता फिरता त्यांना अशा जागी आणले की समोर ८१ वी गोरी पलटण आणि तिच्यामागे छऱ्यांनी भरलेल्या तोफा. हुकूम झाला: ‘पाइल आर्म्स’. म्हणजे तीन-तीन बंदुका संगिनींपाशी एकमेकींत अडकवून जमिनीवर तिकाटण्यासारख्या उभ्या करा. मोहिमेवर, जिथे कोठी नसते, तिथे विश्रांती घेताना बंदुका अशाच उभ्या करत. शिपायांनी हे हजारदा केले होते. या वेळी हुकूम मागे वळून चालू लागण्याचा होता. सुमारे सहाशे गोऱ्या सैनिकांनी याच्या कितीतरी पट शिपाई एकही गोळी न झाडता निःशस्त्र केले.

महाराष्ट्रात हीच गोष्ट कोल्हापूरला घडली. ३१ जुलैच्या रात्री २७ व्या मुंबई देशी पायदळातले शिपाई उठले. कर्नल लीग्रँड जेकब तिथे पोहोचला आणि ऑगस्टमध्ये त्याने उरलेल्या पलटणीकडून हत्यारे खाली ठेववली. मुंबई इलाख्यात मोठा उठाव झाला नाही, असे आपण एका वाक्यात म्हणून जातो; त्या वाक्यात या कवायतीही आहेत.

आता कुलाब्याच्या बाकाकडे परत येता येते. मीरतचा धडा गोऱ्या सैन्याने शब्दशः घेतला. रविवारी, चर्चच्या वेळी, सैनिक बेसावध असतात; तेव्हा यापुढे भारतात गोरा सैनिक चर्चलाही रायफल आणि काडतुसे घेऊनच जाईल. इंग्लंडातल्या चर्चमध्ये अशी प्रथा नव्हती. मग साधी अडचण उभी राहिली: गुडघे टेकताना रायफल धरायची कशी? मांडीवर ठेवली तर घसरते, जमिनीवर ठेवली तर आडवी येते, आणि भर प्रवचनात फरशीवर पडली तर पाद्रीही दचकेल. उत्तर सुताराने दिले. बाकाच्या लाकडात खाच. वर आपण पाहिली तीच, मांडणीची वरची फळी. फक्त आता ती शस्त्रागारातून उठून देवळात आली होती. अफगाण चर्चला देवार्पण केले गेले जानेवारी १८५८ मध्ये, म्हणजे लखनौ अजून इंग्रजांच्या हाती परत गेले नव्हते तेव्हा. छावण्यांमधल्या इतरही काही चर्चमध्ये अशा खाचा आहेत.

एकीकडे गोऱ्याची रायफल प्रार्थनेतही हाताशी आली, दुसरीकडे देशी सैनिकाची त्याच्यापासून दूर सरकली. १८५७ नंतर मोजक्या डोंगरी तोफखान्यांचा अपवाद सोडता तोफा देशी सैनिकांकडून काढून घेतल्या गेल्या. रायफलींत त्याला एक पिढी मागे ठेवण्याचा प्रघात पडला: गोऱ्यांच्या हातात मार्टिनी-हेन्री आली तेव्हा देशी पलटणींत स्नायडर वाटल्या जात होत्या.

सर्वांत गमतीदार उदाहरण शिलेदारांचेच. कंपनीने आणि नंतर राणीच्या सरकारने घोडदळात ‘सिल्लादार’ पद्धत चालू ठेवली. पेशव्यांशी झालेल्या १८१७ च्या तहातून उभे राहिलेले पूना हॉर्स त्यातलेच. स्वाराने घोडा, तलवार, कपडे, खोगीर स्वतःच्या पैशातून आणायचे. स्वस्तातले घोडदळ! पण एका वस्तूचा खर्च सरकार आनंदाने करी: रायफल आणि तिची काडतुसे. नाव शिलेदाराचे राहिले आणि शस्त्राची मालकी बारगिराची झाली. पहिल्या महायुद्धात ही पद्धत कोलमडली आणि त्यानंतर लवकरच ती मोडीत निघाली.

सैन्याबाहेरच्या माणसाचे काय? १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरवले आणि युरोपीयांना त्यातून सूट दिली. राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच त्याविरुद्ध ठराव केला. मागणी बंदुकीच्या हौसेची नव्हती. एकाच देशात एकाच्या भिंतीवर बंदूक चालते आणि दुसऱ्याच्या भिंतीवर ती गुन्हा ठरते, हा अपमान होता.

या कायद्याला देशी अपवाद होता तो कोडगूचा. १८५७ मध्ये इंग्रजांच्या बाजूला राहिलेल्या कोडव समाजाला निःशस्त्रीकरणातून वगळले गेले. तिथे बंदूक घरात असते. सप्टेंबरच्या सुरुवातीला, भातलावणी संपल्यावर, ‘कैलपोद’ सण येतो; देवघरात ठेवलेल्या बंदुका बाहेर काढतात, पुजतात आणि नळीत ‘तोक पू’ म्हणजे बंदुकीचे फूल खोचतात. हे फूल म्हणजे आपली कळलावी. मुलगा जन्मला की एक बार, घरात मृत्यू झाला की दोन. आपल्या खंडेनवमीशी याचे नाते कुणालाही दिसेल. फरक असा की आपल्याकडे पाटावर तलवार, कोयता, पाना, अगदी दुचाकीसुद्धा येते, बंदूक बहुधा पोलीस मुख्यालयातच पुजली जाते. वसाहती काळातली ही सूट स्वतंत्र भारतानेही चालू ठेवली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. निष्ठेचे बक्षीस म्हणून मिळालेली गोष्ट दीडशे वर्षांत संस्कृती म्हणून टिकली, आणि आज तिचा बचाव करणाऱ्याला पहिला भाग सहसा आठवत नाही.

हा वाद निव्वळ वसाहतींचा आहे असे वाटत असेल तर स्वित्झर्लंडकडे पाहा. तिथला नागरिक-सैनिक आपली लष्करी रायफल घरी ठेवतो. २००७ पासून काडतुसे मात्र परत घेण्यास सुरुवात झाली, आणि २०११ मध्ये या रायफली सरकारी शस्त्रागारातच ठेवाव्यात का, यावर सार्वमत झाले. बहुमत ‘नाही’ म्हणाले.

आपल्या सैन्यात शस्त्रे ठेवण्याच्या जागेला आजही ‘कोत’ म्हणतात. एनसीसी केलेल्यांना हा शब्द माहीत असेल: ओळीने उभ्या रायफली, नळ्यांना आडवी लोखंडी पट्टी, पट्टीला कुलूप, दाराशी रजिस्टर. क्रमांक वाचून घ्यायची, सही करायची, परत देताना पुन्हा क्रमांक जुळवायचा. रायफल आखूड झाली (ली-एनफिल्ड ब्राउन बेसपेक्षा दहा इंचांनी कमी) आणि बाजूला घोड्याऐवजी बोल्टची मूठ आली, तसे खाचांचे माप बदलले. बाकी मांडणी ओळखीचीच आहे.

आणि दर निवडणुकीला आचारसंहिता लागली की गावोगावच्या पोलीस ठाण्यांत परवानाधारकांची शस्त्रे जमा होऊ लागतात. शेताच्या राखणीची एकनळी, आजोबांच्या नावची जुनी बारा बोअर, कुणाचे रिव्हॉल्व्हर. हवालदार क्रमांक नोंदवतो, दस्त्याला चिठ्ठी बांधतो, पावती देतो आणि बंदूक भिंतीशी इतरांच्या रांगेत उभी करतो. निकाल लागून आचारसंहिता उठली की मालक पावती घेऊन येतो, चिठ्ठी सोडवतो आणि आधी नळीला गंज चढला आहे का ते पाहतो.